पेल्यातला मासा आणि खुर्चीतला राजा

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. आणि ह्यांना मी काय सांगत नाही? शेजारच्या घरात आमटी खारट झाली तरी ती बातमी ह्यांना कामाच्या पाळीवरून आल्या आल्या कळते, त्यांनी विचारलेलं नसताना. पण ही एक गोष्ट — नाही. दर वेळी जिभेपर्यंत यायची आणि मी वर घोटभर पाणी पिऊन ती खाली ढकलायची. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मधूला तर मुळीच नाही.

मधू म्हणजे माझा धाकटा भाऊ. सगळं त्याच्यापासूनच सुरू झालं. — की पत्त्यांपासून? की त्या खुर्चीपासून? थांबा, पत्त्यांपासूनच सांगते. खुर्चीचं सांगायला मला थोडा धीर करावा लागेल.

आम्ही तेव्हा भिवपुरीला, पॉवरहाऊसच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. साठ-पासष्टचा सुमार. नवी यंत्रं बसवायला एक परदेशी साहेब आला होता आणि वरच्या बंगल्यात त्याची मड्डम दिवसभर एकटी जांभया देत बसायची. तिला पडदे शिवून हवे होते आणि सगळ्या क्वार्टर्समध्ये शिवणाचं मशीन माझ्याकडे. पडदे चार दिवसांत झाले, पण माझं जाणं काही थांबलं नाही. तिचं हिंदी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

तिच्याकडे पत्ते होते. आपले इस्पिक-बदाम नव्हेत. ह्या पत्त्यांत पेले, काठ्या, तलवारी आणि नाणी, आणि प्रत्येकाचा दरबार वेगळा — पोरगा, घोडेस्वार, राणी, राजा. ती त्यावरून भविष्य सांगायची. मला सगळ्यांत आवडला तो पेल्यांच्या दरबारातला पोरगा. अंगात फुलाफुलांचा डगला, डोक्याला ऐटीत बांधलेला रुमाल, समुद्राकाठी उभा, आणि हातात पेला. त्या पेल्यातून एक मासा डोकं वर काढून त्याच्याकडे बघतोय. मला हसूच आलं. मला वाटलं, ह्याला तहान लागली असणार आणि पाणी बघून घेतलं नसणार.

मड्डम हसली नाही. म्हणाली, "मच्छी बोलता, लडका सुनता." आणि छातीवर हात ठेवला. मग तिनं हातवारे करून समजावलं. पेल्यातून मासा बोलायला लागला तर दुसरा कोणीही किंचाळेल, पेला फेकेल, नाहीतर तवा तापत ठेवेल. हा ऐकतो. जे कोणी ऐकून घेणार नाही, ते ऐकून घेणारा हा पोरगा. हे पान निघालं तर समजावं, मनाचा चांगला माणूस येतोय. — हा त्या पानाचा अर्थ. मला तो पक्का माहीत होता, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे मी म्हणेन की मला नीट आठवत नव्हतं, तर विश्वास ठेवू नका.

त्याच दरबारातला राजा तिला विचारला. तो भर समुद्रात सिंहासन टाकून बसलेला. भोवती लाटा, मागे गलबत हेलकावे खातंय, आणि ह्याच्या हातात पेला. पाय कोरडे. ह्याचा अर्थ सांगताना मड्डमनं तोंडसुद्धा उघडलं नाही. नुसतं बोट केलं, बाहेर, व्हरांड्याकडे. तिथे साहेब वेताच्या खुर्चीत बसले होते, हातात चहाचा कप, तोंडासमोर वर्तमानपत्र. ते पान मला त्या एका बोटात समजलं.

जाताना मड्डम ते पत्ते मला देऊन गेली, आणि मी क्वार्टर्सची ज्योतिषी झाले. दुपारी पापड लाटायला बायका जमल्या की माझ्याभोवती कोंडाळं. हरवलेली कोंबडी, रुसलेली जाऊ, नवऱ्याची बढती — मी सगळ्यांना बरं तेच सांगायची. कोणाचं काय बिघडत होतं? फुशारकी होती थोडी, नाही म्हणत नाही. पण तोवर मी कोणाचं वाईट केलं नव्हतं.

आणि मग मधू आला. कर्जतला कारकुनाची नोकरी लागली होती, खोली मिळेपर्यंत चार दिवस ताईकडे राहतो म्हणाला. ते चार दिवस दीड पावसाळा चालले. आमच्या घरात खुर्ची एकच, हात असलेली, माझ्या वडिलांनी दिलेली. दिवसभर राबून संध्याकाळी मी तिच्यात जराशी टेकायची. मधू आला त्या संध्याकाळी तिच्यात बसला. चांगला मुलगा, हो. निर्व्यसनी, सरळ. फक्त एकदा बसला की बसला. कप रिकामा झाला की तोंडानं मागायचा नाही, नुसता कप थोडा वर धरायचा. मी मुली पाहत होते त्याच्यासाठी. मुलीही त्याला पाहून जायच्या, आणि परत काही कळवायच्या नाहीत.

आमच्या शेजारी शरयू. तिचे वडील मूळचे लोधिवलीचे, यंत्रावर ऑपरेटर. वीस वर्षांची मुलगी, हसरी, आणि बोलकी तर इतकी की भाजी निवडायला बसली की मेथीची जुडी संपायची आणि गोष्ट उरायची. मला कमलताई म्हणायची. तिचा माझ्यावर जीव होता. हे सांगताना मला बरं वाटत नाहीये, पण होता.

वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी यंत्रं बंद व्हायची. मग यंत्रांतून सुटलेलं पाणी ज्या कालव्यानं खाली नदीकडे जातं तो कालवा उतरायचा, आणि मागे राहिलेल्या डबक्यांत मासेच मासे. त्या दिवशी क्वार्टर्स काय आणि आसपासची गावं काय, सगळं जग टोपल्या, घमेली, डबे घेऊन चिखलात उतरायचं. शरयू वडिलांना पिण्याचं पाणी द्यायला गेली होती, हातात पितळी पेला. तिथे नामदेव होता, फिटरच्या हाताखालचा, शेजारच्या गावातल्या भातशेतीवाल्यांचा मुलगा. त्यानं बोटाएवढा एक जिवंत मासा तिच्या पेल्यात सोडला. ती त्याच्यावर चिडली आणि बोलायला लागली, आणि मासा राहिला बाजूला, आईचे गुडघे, रेशनची रांग, फाटलेलं परकर-पोलकं असं सगळं सांगून मोकळी झाली. तो चिखलात रुतत चालला होता. तरी उभा. मधूनमधून फक्त "मंग?" म्हणायचा.

पुढे महिनाभरात त्याच्या घरून रीतसर विचारणा आली. जात एक, माणसं बरी. शरयूचे वडील म्हणाले, पोरीला पसंत असेल तर माझी ना नाही. म्हणजे बघा — वाटेत कोणी आडवं नव्हतं. ना बाप, ना जात, ना पत्रिका. मी सोडून कोणीच नव्हतं.

ती माझ्याकडे एकटी आली. कालव्यावरची सगळी हकीकत तिनं मला लाजत लाजत सांगितली आणि म्हणाली, पान काढून बघा. मी पत्ते पिसले, तिच्यापुढे पसरले, तिनं एक उचललं. पेल्यांचा पोरगा. फुलांचा डगला, हातात पेला, पेल्यात मासा.

देवाशपथ सांगते, ते पान तिनंच उचललं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, माझ्याही आला. तिचे डोळे भरून आले. "ताई, खरं सांगा हां. ह्यो कसा हाय?"

काय सांगायला हवं होतं? मड्डमची दोन वाक्यं. छातीवर हात ठेवायचा, झालं. आणि नेमका तेव्हा बाहेरच्या खोलीतून कपबशीचा आवाज आला. कप वर धरूनही कोणी येईना, म्हणून मधूनं तो बशीवर जरासा वाजवला होता.

मी पान जवळ घेतलं, लांब धरलं, कपाळाला आठ्या घातल्या. डगला बघ, म्हटलं, नुसती छानछोकी. (नामदेवकडे खाकी शर्ट होते दोन, त्यातल्या एकाला कॉलर नव्हती.) उभा कुठे आहे, तर पाण्याच्या कडेला, म्हणजे बूड स्थिर नाही. आणि मग मी ते वाक्य बोलले. "शरयू, पेल्यातला मासा कितीक वेळ जगतो गं?"

ती काही बोलली नाही. शरयू, आणि काही बोलली नाही.

त्यावर मी थांबले असते तरी मी आज निम्मीच वाईट ठरले असते. पण मी म्हटलं, आता तुझ्या नशिबात कोण आहे ते बघू. ह्यांच्याकडून गणपतीत मेंढीकोट शिकले होते, आणि पान खालून कसं काढायचं तेही त्यातच आलं. राजा निघाला. निघाला कसला, काढला. म्हटलं, बघ, सगळा समुद्र उसळतोय आणि हा हलत नाही. असा माणूस मिळाला तर सोडू नकोस. आणि पायानं दार हळूच उघडलं, म्हणजे बाहेरचं दिसावं. बाहेर मधू बसला होता. हातात पेला.

मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं की भावाच्या संसारासाठी केलं. शरयूला सुस्थळ मिळावं म्हणून केलं. नाही हो. मला माझी खुर्ची परत हवी होती. एका मुलीचा जन्म मी एका खुर्चीसाठी फिरवला, आणि तीही मिळाली नाही. शरयूचं मधूशी लग्न ठरल्यावर आई म्हणाली, मधूला त्या खुर्चीची सवय झाली आहे, तीच आहेरात दे. खुर्ची टेंपोत चढून कर्जतला गेली.

कमलताईची मी वन्सं झाले. मधूनं राजाचं पान अक्षरशः खरं केलं. घर गळलं, पोरं आजारी पडली, सासरा गेला, हा हलला नाही. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही, पगार नेमानं आणून दिला. आणि बायको काय बोलते ते कधी ऐकलं नाही. शरयू आधी त्याच्याशी बोलायची, मग पोरांशी, मग पोरं मोठी झाल्यावर स्टोव्हशी. एकदा मी गेले तर मांजरीला सबंध हळदीकुंकवाचा वृत्तांत चालला होता. मी हसले. घरी येऊन ह्यांनाही हसत हसत सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मागच्या वर्षी स्टोव्हच्या पिना घ्यायला खोपोलीला शिळफाट्यावर उतरले होते. दुकानात गल्ल्यावर नामदेव. केस पिकलेले. त्यानं मला ओळखलं नाही. मी पिना मागत होते आणि त्याचं लक्ष नव्हतं, कारण त्याची बायको त्याला कोणाच्या तरी म्हशीची गोष्ट सांगत होती. लांबलचक, कंटाळवाणी गोष्ट. गिऱ्हाईक ताटकळलंय आणि हा हनुवटीला हात लावून म्हणतोय, "मंग?"

पिना न घेताच मी तिथून थेट कर्जतला गेले. ठरवूनच गेले की आज बोलायचं. मधूला ओलांडून स्वयंपाकघरात शिरले, शरयूजवळ बसले आणि म्हटलं, शरयू, तुला ते पान आठवतं का गं?

"न आठवायला काय झालं, वन्सं," ती म्हणाली. "तुमी तवा सावध केलंत म्हणून बरं. मी तर हो म्हणनार होते."

तिनं ते मनापासून म्हटलं. इतकी वर्षं ती माझे उपकार मानत होती. मग ती पाट सरकवून जवळ आली, आवाज खाली आणला आणि म्हणाली की तुम्हाला एक सांगायचंय, अजून कोणाला बोलले नाही. तिनं सांगायला सुरुवात केली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी घड्याळाकडे पाहिलं, गाडी चुकेल म्हटलं आणि उठले. ती म्हणाली, बरं, पुढच्या वेळी सांगेन.

स्टेशनवर आले तर गाडी उशिरा होती. बराच वेळ मी बाकावर बसून होते. परत जाऊन तिचं ऐकून यायला पुरेल इतका वेळ होता. मी गेले नाही.