मोरीतल्या मुंग्या

आईचं दुखणं मला तीन महिने कळलं नाही. कळायला हवं होतं. मी पगारच त्या दुखण्याचा घेत होते. या गोष्टीचा मला अजून माझाच राग येतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली चार-पाच वर्षं. इंटर सायन्स करून मी रेवदंड्याला घरी बसले होते. शेजारच्या वाडीत मुंबईचे एक वयस्कर डॉक्टर येऊन राहिले होते आणि सुपारीच्या कोठीत त्यांनी पांढरे उंदीर पाळले होते. लठ्ठ माणसाला मधुमेह जास्त का छळतो, हे त्यांना शोधायचं होतं, आणि हाताखाली त्यांनी मला पगारावर ठेवलं. म्हणून आम्ही उंदरांना खोबरं, तूपभात चारून गलेलठ्ठ करायचो, एक दिवस उपाशी ठेवायचो आणि ॲलोक्सन नावाचं औषध टोचायचो. त्याने शरीरात इन्शुलिन तयार होणंच बंद पडायचं. दोन-तीन दिवसांत धडधाकट प्राणी मधुमेही. गावात मला ‘उंदरांची मास्तरीण’ म्हणत. म्हणोत बापडे.

कोठीत भर दुपारीही काळोख असे. टोचल्यावर उंदीर गप्प होत, आणि मग सुरू होई पाण्याच्या नळ्या चाटण्याचा आवाज. टिकटिक, टिकटिक, थांबायचाच नाही. दुप्पट खात आणि तरी वाळत जात. लाल डोळे मात्र माझ्यावर. मी पाठ फिरवली की अंगावर काटा यायचा.

झाडलोट करणारी बाई माझ्या परीक्षानळीच्या आधी निकाल सांगे. पिंजऱ्याखालचा पत्रा ओढून म्हणे, “बाय, याला लागली बग. मुंग्या हायत.” लघवीत साखर उतरली की भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग नेमकी त्याच पिंजऱ्याशी येई. शेजारच्या निरोगी उंदराकडे ढुंकूनही बघत नसे. बाई कधी चुकली नाही. हळूहळू मीही मुंग्यांवरून ओळखायला लागले आणि त्याचा मला मोठा तोरा होता.

आणि घरी? मागच्या दारी मुंग्यांना पीठसाखर घालायचा आईचा रोजचा नेम होता. दाराला लागूनच मोरी. त्यामुळे मोरीत मुंग्या दिसल्या की मी तांब्याभर पाणी ओतून मोकळी व्हायचे. आईचं सुटलेलं अंग त्या उन्हाळ्यात उतरलं, तर पाहुण्यांनी कौतुक केलं. ती सारखं पाणी पिते म्हणून मी उकाड्याला नावं ठेवली.

एका दुपारी मोरीत पुन्हा मुंग्या बघून मी तडकले. “आई, साखर रेशनवर मिळते आणि तू ती मुंग्यांना उधळतेस?”

आई माठाशी होती. “अगो, साखर कसली? शिमग्यापासून नेम बंद आहे माझा. चहात गूळ घालत्ये, दिसत नाही तुला?”

मी खाली बसले. रांग मागच्या दारातून आली होती. पूर्वी साखर असायची त्या जागी ती थांबली नाही. वळून सरळ मोरीत गेली, कोपऱ्यात, जिथे आई रात्री उठून बसायची. माझ्या पाठीमागे आई पाणी पीत होती. घटाघटा, थांबतच नव्हती. मागे वळून बघायची माझी हिंमत होईना.

दुसऱ्या सकाळी तिची लघवी बाटलीतून कोठीत नेली. ती घालून निळं द्रावण उकळलं आणि ते विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर भरपूर. डॉक्टरांनी लांबूनच नळी पाहिली आणि वही उघडत विचारलं, “कितवा?”

उंदरांना आमच्याकडे नावं नव्हती, आकडे होते.

“आई,” मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

डॉक्टरांनी मुंबईहून बोटीने इन्शुलिन मागवलं. कोठीतल्या एकालाही आम्ही ते कधी दिलं नव्हतं. रोज मी आईच्या कातडीची चिमूट धरायचे, उंदरांची धरायचे तशीच, आणि ती डोळे मिटून म्हणायची, “टोच.”

आई वाचली. पुढे साखर मुबलक मिळायला लागली तेव्हा तिने नेम पुन्हा सुरू करायचं काढलं. मी डबाच लपवला. मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढलास म्हणून ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पण दारात साखर पडली असती तर मोरीतल्या मुंग्या कशाला आल्या ते मला पुन्हा कळलं नसतं. रोज सकाळी ती मोरीतून बाहेर आली की मी आत जायचे आणि त्या कोपऱ्याकडे बघत बराच वेळ बसून राहायचे.