चाळीस बाक आणि एक तारांकित प्रश्न

तक्रारदार : नगरपरिषदेचे कार्यालय अधीक्षक. संशयित : त्याच नगरपरिषदेचा चौकीदार, निवृत्तीस एक वर्ष बाकी. चोरीस गेलेला माल : सिमेंटचे बसण्याचे बाक, नग चाळीस. चोरीची वेळ : कोणालाही सांगता आली नाही. ठिकाण : काटोलच्या बाजूचे एक लहान शहर. साक्षीदार : एक संत्रा व्यापारी, एक ट्रॅक्टरचालक आणि मी स्वतः. नावे कोणाचीच देत नाही, कारण यातील बहुतेक जण मला अजूनही रस्त्यात भेटतात आणि आग्रहाने चहा पाजतात.

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि उपनिरीक्षक असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली. सध्या नागपुरात कचेरीच्या फाटकाजवळ टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले, परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून आजवर परत आलेला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. तरीही कोणता तपास मनात राहिला असे कोणी विचारले, तर मी या बाकांचेच नाव घेतो.

नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होते. अधिवेशन म्हटले की जिल्ह्यातील निम्मे पोलीस बंदोबस्ताला जातात. आमचे ठाणेदारही गेले होते आणि ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. अशा वेळी सकाळी सकाळी कार्यालय अधीक्षक टाइप केलेली फिर्याद घेऊन आले. नगरपरिषदेने शहरात ठिकठिकाणी बसवण्यासाठी घेतलेले चाळीस बाक गोदामातून चोरीस गेले असून चौकीदारावर संशय आहे, असा मजकूर होता. चौकीदाराला त्यांनी आदल्या दिवशीच निलंबित केले होते.

ज्याची वस्तू चोरीस जाते तो माणूस पहिल्यांदा विचारतो की वस्तू सापडेल काय. अधीक्षकांनी ते विचारलेच नाही.

"साहेब, फक्त गुन्हा क्रमांक देऊन द्या. दुपारपर्यंत पाहिजे," ते म्हणाले.

"एवढी घाई काहून?"

"उत्तर पाठवाचं हाय ना वरतं."

मी गुन्हा नोंदवून क्रमांक दिला. ते कसले उत्तर, हे सायंकाळी समजले. विधानसभेत एका आमदारबाईंनी आमच्या नगरपरिषदेच्या खर्चावर तारांकित प्रश्न टाकला होता. ठाणेदारांनी बंदोबस्ताच्या जागेवरून तो मला फोनवर वाचून दाखवला व मी स्टेशन डायरीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला : "सदर नगरपरिषदेने खरेदी केलेले बाक एकाही सार्वजनिक ठिकाणी आढळत नाहीत, हे खरे आहे काय, असल्यास, ते सध्या कोठे आहेत, नसल्यास, ते कोणत्या ठिकाणी बसविण्यात आले आहेत?" मग सारेच स्पष्ट झाले. चोरीचा गुन्हा दाखल झाला की "प्रकरण पोलीस तपासात आहे" एवढे उत्तर पुरते आणि पुढचे कोणी विचारीत नाही. त्या एका वाक्यासाठी चौकीदाराचा बळी दिला जात होता. गुन्हा त्याच्यावर राहिला असता, तर तीस वर्षांची नोकरी आणि तिच्या शेवटी मिळणारे निवृत्तिवेतन, दोन्ही पाण्यात गेले असते.

प्रश्न सभागृहात येण्यास सहा दिवस होते.

चौकीदाराला मी रोज ठाण्यात हजर राहण्यास सांगितले. किडकिडीत माणूस, डोक्याला मफलर, हातात डबा. पहिल्या दिवशी मी त्याला समोर उभे केले आणि वीस वर्षांच्या सवयीने दरडावले, "विचारलं तेवढंच सांगायचं. जास्त बोलायचं नाही."

"बरं साहेब."

"बाक तू नेलेस?"

"नाही साहेब."

"कोणी नेताना पाहिलेस?"

"चोरून नेताना नाही पायलं साहेब."

"एक बाक उचलायला किती माणसं लागतात?"

"सहा. अन् मले तर पान्याची बादली उचलली का कंबर धरते."

एवढे विचारून मी त्याला बाहेर बसवले. तो ठाण्याच्या आवारात जाऊन बसला. सकाळी दहाला यायचा, दुपारी डबा खायचा, सायंकाळी सहाला विचारून घरी जायचा. आमच्या शिपायांइतका वक्तशीर कोणी नव्हता. दोन दिवस मी भंगारवाले तपासले, मालवाहू गाड्यांचे चालक तपासले. हाती काही लागले नाही.

तिसऱ्या दिवशी संत्रा व्यापारी आला. आमच्याकडे हंगामात बाहेरगावचे तोडणी मजूर येतात आणि त्यांच्या नावांची यादी व्यापाऱ्याने ठाण्यात द्यायची, अशी पद्धत आहे. हा व्यापारी फळ झाडावर असतानाच बागेत फिरून उभ्या बागेचा सौदा करणारा. यादी देण्यापूर्वी तो चौकीदाराच्या शेजारी टेकला, बुडाखाली हात फिरवला आणि मला आवाज दिला.

"साहेब, तुमच्याकडेही हाच बाक आला का गा?"

"हाच म्हणजे?"

"यंदा ज्या बागेत सौदा कराले गेलो, तिथं हाच बाक. मांगं नक्षी अशीच, हात ठेवाची जागा अशीच. कोणी हिरवा रंगवला, कोणी निळा. मी म्हटलं, बागाइतदार लोकांची मजा हाय बाप्पा, सरकारी योजना आली वाट्टे."

मी बाहेर आलो. हवालदाराने आतूनच फायलीत डोके घातले. बाकाच्या मागचा पिवळा रंग खिळ्याने खरवडला तर खालून नगरपरिषदेचे नाव निघाले.

"तुला हे माहीत होतं?" मी चौकीदाराला विचारले.

"होय ना साहेब. तीन दिवसापासून याच्यावरच बसून राहिलो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमीच म्हटलं होतं, विचारलं तेवढंच सांगाचं. हे तुमी इचारलंच नाही."

व्यापारी तोंडावर दुपट्टा धरून हसू लागला. मी कडक चेहरा ठेवण्याचा प्रयत्न केला. तो फारसा साधला नाही.

हवालदाराने कबूल केले की, उन्हाळ्यात एक ट्रॅक्टरवाला बाक घेऊन आला, जास्तीचा आहे, ठाण्यात ठेवून देऊ का म्हणाला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसायला काही नसल्याने त्यानेही ठेवून घेतला. रंग शिल्लक होता, तोही मारला. अशा रीतीने या गुन्ह्यातील पहिला मुद्देमाल मी माझ्याच ठाण्याच्या आवारातून जप्त केला. व्यापारी आणि समोरचा चहावाला यांना पंच म्हणून बोलावले. पंचनामा पूर्ण होऊन बाकाला लेबल लागले, तेव्हा चौकीदार उभाच होता.

"साहेब, हा तर जप्त झाला. आता मी बसू कुठं?"

मी त्याला माझ्या समोरची खुर्ची दिली.

त्या रात्री मी आमदारबाईंचा प्रश्न पुन्हा वाचला. खात्यात आम्ही "केलंस की नाही" एवढेच विचारतो, आणि समोरचा "नाही" म्हणाला की आवाज वाढवतो. या बाईंनी मात्र माणूस होय म्हणाला तर पुढे काय आणि नाही म्हणाला तर पुढे काय, या दोन्हींची सोय आधीच करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचालक समोर आला, तेव्हा मी तोच कागद पुढे ठेवला आणि त्याच क्रमाने विचारले.

"बाक तू वाहिलेस, हे खरे आहे काय?"

तो गडबडला. मार किंवा शिवी, दोन्हींची त्याची तयारी असावी. या भाषेची नव्हती.

"होय साहेब."

"असल्यास, कोठे टाकलेस?"

"ज्यानं त्यानं सांगतलं तिथं."

"ज्याने त्याने म्हणजे कोणी?"

"नगरसेवकायनं. जागेची यादीच नव्हती साहेब. ऑफिसात म्हने, ज्याच्या त्याच्या वार्डाची जागा नगरसेवकाले विचार. मी गेलो विचाराले. एक म्हने, जागा ठरली नाही, तवर माह्या बागेत टाक. दुसऱ्यानं थे पायलं, तो म्हने, मंग मी का मूर्ख हाय? माह्याही बागेत टाक."

"आणि ठाण्यातला?"

"एकाची बाग दूर होती. डिझल परवडे ना."

चोरी झालीच नव्हती. जागा ठरण्यापूर्वी माल आला होता आणि तो तात्पुरता ठेवण्याची जागा प्रत्येकाने आपापली सुचवली होती. चौकीदाराने गोदामातून प्रत्येक बाक ट्रॅक्टरचालकाकडील नगरपरिषदेची चिठ्ठी पाहूनच सोडला होता. त्या चिठ्ठ्या त्याच्या घरी, जुन्या डब्यात, एकीवर एक लावलेल्या होत्या. त्याही मी यापूर्वी मागितल्या नव्हत्या.

पुढचे दोन दिवस आम्ही ट्रॅक्टर घेऊन बागा फिरलो. चौकीदार चिठ्ठ्या घेऊन माझ्या जीपमध्ये पुढे बसला होता. एका नगरसेवकाने सांगितले की आपण बाक चोरांपासून राखून ठेवला, त्याबद्दल आभाराचे पत्र मिळावे. दुसऱ्यांच्या सौभाग्यवती बाकावर पापड वाळत घालीत होत्या.

बाई चौकीदाराला म्हणाल्या, "भाऊ, पापड वाळू दे वं माय, मंग ने. सरकार का दुपारनं पळून जाते?"

"मी का बाई हाय, वं म्हनता?" तो म्हणाला, आणि त्या पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या. पापड वाळेपर्यंत आम्ही थांबलो. चहा झाला, संत्री झाली.

प्रश्नाच्या आदल्या सायंकाळी चाळीसही बाक शहरात लागले : बसस्थानकावर, दवाखान्यासमोर, बाजारात. न्यायालयास मी चोरीचा गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल पाठवला. सभागृहात "बाक सार्वजनिक ठिकाणी बसविण्यात आले आहेत" असे उत्तर गेले. दुसऱ्या दिवशी आमदारबाईंचा ठाण्यात फोन आला.

"चौकीदाराचं काय झालं?" एवढेच त्यांनी विचारले.

"कामावर घेतला, ताई," मी म्हणालो.

ते खरे होते, पण पुरते नव्हते, हे मला पुढे कळले.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे की, ज्याला सर्वांत जास्त माहीत असते त्यालाच आपण बहुधा गप्प बसवतो. आता माझ्या टेबलापाशी येणारा माणूस कितीही भरकटला तरी मी त्याला अडवत नाही. अर्जातील कामाचे वाक्य बहुधा त्याच्या उठण्याच्या वेळी निघते.

चौकीदारही असाच आला. तासभर घरची हकीगत सांगून उठताना म्हणाला, "बाकी एक कागद अडून राहिला साहेब." निवृत्त होऊन त्याला बरेच महिने झाले होते आणि निवृत्तिवेतन सुरू नव्हते. निलंबन रद्द झाले, परंतु तपासाच्या त्या सहा दिवसांपुढे सेवापुस्तकात "विनापरवानगी गैरहजर" असा शेरा पडून राहिला होता आणि त्यामुळे सेवेत खंड दिसत होता. मी अर्ज लिहून दिला. उत्तर आले नाही. म्हणून तोच मजकूर येथे, वाचकांच्या साक्षीने, पुन्हा सादर करीत आहे.

मा. मुख्याधिकारी साहेब, सदर कर्मचारी त्या सहाही दिवशी सकाळी दहा ते सायंकाळी सहा माझ्या हुकमाने ठाण्यात व माझ्याबरोबर तपासात हजर होता. स्टेशन डायरीत तशा नोंदी असून मी कोठेही शपथेवर सांगण्यास तयार आहे. ते दिवस त्याने बुडवले नाहीत, ते मी घेतले. सबब ते त्याच्या सेवेत जमा करून निवृत्तिवेतन सुरू करावे आणि तसे लेखी उत्तर त्याच्या घरच्या पत्त्यावर लवकरात लवकर द्यावे, ही विनंती.