आडव्या खांबाची बाई

जवळ सरक गं पोरी. गावात येतेस आणि बाजारातल्या त्या जुन्या दगडी देवळासमोरून नुसती निघून जातेस, हे काही बरं न्हाय. दारात आडवा पडलेला नक्षीचा खांब कधी बघितलास?

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बायका तिथंच रस्त्याची खडी फोडायचो. माझ्या शेजारी एक परगावची बाई बसायची. घाव घालण्याआधी ती प्रत्येक दगडावरून तळवा फिरवायची. एक दिवस मुकादमानं तो खांब तिच्यापुढं लोटला. तिनं तळवा फिरवला आणि हातोडी खाली ठेवली.

"फोड की!"

"घडवलेला हाय. न्हाय फोडणार."

"मग आजची हजेरी न्हाय मांडणार."

"नका मांडू, मुकादम."

तो हसला. "तुमी बौद्ध झालेली माणसं, देव मानत न्हाय. मग दगडाचा एवढा पुळका कशाला?"

"देव न्हाय मानत. छिन्नी मानते," असं म्हणून ती खांबावरच जाऊन बसली.

मग मीही हातोडी खाली ठेवली. माझं बघून पलीकडच्या चौघींनी ठेवली. खांब वाचला. तिचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

आज तुझी एसटी चुकायला नको, जा. पण दिवाळीच्या आत परत ये. तुझा तळवा त्या खांबावर ठेवायचाय.