चार ग्लास आणि पत्रकातलं एक वाक्य

दारूबंदीविरुद्ध मी लिहिलेल्या पत्रकातलं एक वाक्य माझं लाडकं होतं : ‘झाकून पाजल्या तर फ्रान्सच्या वेगवेगळ्या भागांच्या लाल वाइनमधला फरक कोणालाच सांगता येणार नाही.’ आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात, धानोऱ्यात, घरात मोहाची दारू सापडली की गुन्हा. शेजारच्या जिल्ह्यात, भद्रावतीत, माझे भाऊजी फ्रेंच वाइनवर तासभर बोलले की ती संस्कृती. हे ढोंग उघडं पाडायला ते वाक्य होतं. सोमवारी पत्रक छापून निघणार होतं.

भाऊजींनी वाचलं आणि विचारलं, “लिहिलं, पण चाखलं का?”

चाखलं नव्हतं.

रविवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. नागपूरहून आणलेल्या, फ्रान्सच्या चार भागांच्या चार बाटल्या होत्या : बोर्दो, बर्गंडी, ऱ्होन, बोजोले. भाऊजींवर माझा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून ओतायचं काम ताईला दिलं, तेही स्वयंपाकघरात, दार लावून. ग्लास स्टीलचे घ्यायला लावले. रंगावरून ओळखायची पळवाट नको. तिनं नंबर लावलेले चार ग्लास आणून ठेवले.

पहिली हलकी, जांभळाच्या चवीची. दुसरीनं कच्चं टेंभरू चावल्यासारखी जीभ आवळली. तिसरीला मिऱ्याचा वास. चौथी मी दोनदा प्यायलो, मग पुन्हा पहिली.

भाऊजी डोळे मिटून सांगत होते, “चौथी बर्गंडी. ओल्या पाचोळ्याचा वास पाहा. बोजोलेले हे जमत नाई.”

“भाऊजी, तुम्ही फसवून राह्यले,” मी म्हणालो. “पहिली अन् चौथी एकच आहे.”

“मी जाग्यावरून उठलो तरी का?”

ताई आत गेली आणि बर्गंडीची बाटली घेऊन आली. सील तसंच होतं.

“मीच केलं. दोघंही लई खात्रीनं बोलून राह्यले होते. दोन्ही ग्लासांत बोजोलेच आहे.”

“पाचोळा कुठी गेला, भाऊजी?” मी विचारलं.

“त्याईचं राहू दे,” ताई म्हणाली. “तुले कसं समजलं?”

“चवीवरून. मधल्या दोन तर साफ वेगळ्या आहेत.”

“मग तुह्या त्या वाक्याचं काय?”

तिनं हे सगळं त्या वाक्यासाठीच केलं, असा मला आजही संशय आहे. तेव्हा विचारलं तर भात लावायचाय म्हणून ती आत निघून गेली.

संध्याकाळी छापखानेवाल्याला फोन करून वाक्य काढायला लावलं. जागा रिकामी राहील, तो म्हणाला. चार गावांची मोहाची दारू अशीच चार ग्लासांत चाखून तिचा फरक तिथं लिहावा म्हटलं, तर धानोऱ्यात तो गुन्हा आहे. तेच लिहून दिलं.