होईल म्हणणारा मेव्हणा

रे रोडला लाकडाच्या वखारींमागे माझ्या मेव्हण्याचं इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज आहे, आणि तिथे आजपर्यंत एकही वस्तू मेलेली नाही. मेली तरी हा मान्य करत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे गोड लिहायला जमत नाही, सरळच सांगतो: माणूस वेडा आहे. त्याची छत्री तीन मेलेल्या छत्र्यांच्या काड्यांची. त्याच्या पंख्याला पाती दोन कंपन्यांची, म्हणून वारा एका बाजूने जास्त येतो आणि पाहुण्याला तो त्या बाजूला बसवतो. दातांची कवळी हलायला लागली तेव्हा डॉक्टरकडे न जाता ह्याने ती कानशीने घासून स्वतः बसवली. तेव्हापासून ‘स’ आला की तोंडातून बारीक शिट्टी वाजते. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याला म्हणायची, “मेल्या, गाड्यांना घालतोस तसं एक गॅसकिट तोंडात पण घाल.” तो म्हणायचा, “तसा साइज मिळत नाही, ताई,” आणि दोनदा शिट्टी.

इंजिनात काय बिघडलंय ते तो ऐकून सांगतो. त्याच्याकडे लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे. टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. तेवढा वेळ गॅरेजात कोणी खोकायचंसुद्धा नाही. एकदा वखारवाले शेठ चहा पीत बसले होते, तर त्यांच्याच छातीवर टोक ठेवून ऐकत बसला आणि म्हणाला, “शेठ, एक व्हॉल्व्ह मिस मारतोय.” शेठ कप टाकून दवाखान्यात पळाले, ईसीजीची पट्टी काढली, तर निघाला पोटातला गॅस. महिनाभर शेठ बोलत नव्हते. हा मात्र अजून सांगतो, आवाज होता म्हणजे होता. तो स्क्रू-ड्रायव्हर तो कोणाच्या हातात देत नाही. मी पंचवीस वर्षं मागितला, मलाही दिला नाही.

खोललेलं इंजिन तो बहिणीच्या जुन्या साडीवर मांडतो. ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने, एकेक नट पदरापर्यंत. ती साडी कोणी ओलांडायची नाही. एकदा वखारीतली बकरी ओलांडून गेली, तर ह्याने मांडलेलं सगळं उचललं, रॉकेलने पुन्हा धुतलं आणि पुन्हा मांडलं. बकरीच्या मालकिणीशी भांडला तो वेगळाच. आणि मग शेवटी, घाबरलेला गाडीवाला तोंडाकडे बघत उभा असतो तेव्हा, कितीही खराब माल असो, ह्याच्या तोंडून एकच शब्द निघतो. “होईल.” आणि व्हायचंही. माझ्या ट्रकचं इंजिन त्याने तीनदा बांधलं आणि तिन्ही वेळा ते बोंबलत का होईना चाललं.

बायको आजारी पडली तेव्हाही तो होईलच म्हणाला. डॉक्टर मान हलवायचे, हा दुसरा डॉक्टर आणायचा. ती मला सांगत होती, मला घरी न्या, नायगावला न्या, माझ्या खोलीत. हा दारात उभा राहून म्हणाला, “भावोजी, अजून एक ऑपरेशन. होईल.” झालं नाही. स्मशानातून परत येताना मी त्याला चार माणसांत नको ते बोललो. म्हटलं, माझी बायको काय तुझं इंजिन होती? त्यानंतर आठ महिने मी रे रोडला पाय ठेवला नाही.

मग गेल्या महिन्यात कॉटन ग्रीनच्या वळणावर माल भरलेला ट्रक ठोके मारायला लागला आणि एक मोठा आवाज होऊन जागेवर बसला. ज्याला दाखवलं तो म्हणाला, काका, बांधण्यात अर्थ नाही, दुसरं इंजिन टाका. मला ते नको होतं. का, ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. नायगावच्या चाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी ट्रक घेऊन कोपऱ्यावर वळलो की ती आवाज ओळखून तवा ठेवायची. मी हातपाय धुऊन येईतो भाकरी तयार. चाळ आता पाडली. आम्ही, म्हणजे मी, परळला भाड्याने राहतो. त्या दिवसांतलं चालू असं ते इंजिन तेवढं उरलं होतं. म्हणून राग गिळला आणि गाडी ओढत त्याच्याकडे नेली. मुंबईत होईल म्हणणारा तो एकच.

त्याने साडी अंथरली. तीच अबोली रंगाची, मी ओळखली. दिवसभर खोलत होता. क्रँक, म्हणजे इंजिनाच्या पोटातला फिरता दांडा, काढली, मोजली, पुसून परत मोजली, मग जाडी मोजायचा मायक्रोमीटर खाली ठेवला.

“भावोजी, बदला.”

“काय?”

“दुसरं इंजिन बसवू. हे नाही होणार.”

माझं डोकंच फिरलं. “तू सांगतोस? साल्या, छत्री बांधतोस, दात बांधतोस, आणि माझंच तेवढं होत नाही?”

“दर वेळी बांधताना क्रँक घासतो, दर वेळी ती बारीक होते. तिला बसणाऱ्या बेअरिंगचा शेवटचा साइज मागच्या वेळीच संपला. अजून घासली तर चालू होईल, तुम्ही खूश व्हाल. मग कुठेतरी घाटात मोडेल, आणि आत तुम्ही असाल.”

“घास तू. गाडी माझी आहे. तुझ्या ताईला हा आवाज माहीत होता.”

त्याने चिंधीने एकेक बोट पुसलं. “ताईलापण मी होईलच म्हटलं होतं,” तो म्हणाला. “ती घरी न्या म्हणत होती. मी ऐकलं नाही. शेवटचे सतरा दिवस नळ्यांत घालवले तिचे.” ‘सतरा दिवस’ म्हणताना दोनदा शिट्टी वाजली. हसायला कोणी नव्हतं.

आठ महिने मी त्याच्यासाठी शिव्या साठवल्या होत्या. एक आठवेना. म्हटलं, “ऑपरेशनच्या कागदावर सही माझी होती रे.”

चौथ्या दिवशी दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या ट्रकचं चांगलं इंजिन बसलं. चालू करून त्याने डोळे मिटून ऐकलं, आणि मग स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मूठ त्याच्या कानाच्या आकाराची झिजलेली. मी लावून बघितली.

“काय ऐकू येतंय?”

“परकं वाटतं. होईल सवय?”

त्याने तोंड उघडलं, मिटलं. “बघू,” म्हणाला.

ट्रायलला तो बाजूला बसला. नायगावच्या कोपऱ्यावर मी सवयीने सेकंड गिअर टाकला. पत्र्यांच्या कुंपणाच्या वर जिथे आमचा तिसरा मजला होता तिथे तो मान वर करून बघत राहिला. तिथे आता नुसती मोकळी हवा.

“ह्या आवाजाला ताईने तवा नसता ठेवला,” तो हळूच म्हणाला.

“चार दिवस चुकली असती,” मी म्हटलं. “मग ओळखला असता. कान तुमच्याच घरातला होता.”