रत्नागिरीत एक ते चार

रत्नागिरीला समुद्र आहे. मी तिथे अख्खी दुपार काढली, पण समुद्र काही पाहिला नाही. मी दुसरंच काहीतरी शोधत होते.

झालं असं, की आमच्या मनीषाने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, मूळचा रत्नागिरीचा. सगळं ठरवून झाल्यावर तिने आम्हाला सांगितलं, की आता तुम्ही रीतसर जाऊन त्यांचं घर बघून या आणि पसंत करा. (नापसंत करायची सोय ठेवलेली नव्हती.) जाणार तिघं: हे, यांची थोरली बहीण म्हणजे आमच्या वन्सं, आणि मी.

निघायच्या आदल्या दिवशी मनीषाने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, एकच काम कर. बाबांचा आवाज सांभाळ. ती माणसं फार शांत आहेत गं. समीर सांगतो, त्यांच्याकडे मिक्सरसुद्धा दार लावून फिरवतात. बाबा तिथे ओरडले ना, तर त्याची आई घाबरेल."

"मी काय सांभाळणार?"

"ते ओरडतील असं काही होऊ देऊ नकोस. प्लीज आई. माझ्यासाठी."

हे मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारतात. तीस वर्षं झाली. आवाज तिथे कमावला आणि तसाच घरी आणला. वारज्यात आमच्याकडे हे "चहा टाक" म्हणाले, की शेजारच्या बाई गॅस पेटवतात.

आणि माझं उलट. चारचौघांत "मला बाथरूमला जायचंय" हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. यांच्या कानात सांगावं, तर त्याचा अनुभव मी घेतलेला आहे. मागे एका पुतणीच्या लग्नात मी हळूच सांगितलं. यांनी मांडवातूनच विचारलं, "अहो, बायकांची बाथरूम कुठं हाय? आमच्या मंडळींना जायचंय!" मंगलाष्टकं चालू होती. भटजी थांबले आणि त्यांनी अक्षतांच्या हातानेच दिशा दाखवली. दीडशे माणसांनी वळून आधी मला पाहिलं, मग ती दिशा पाहिली.

तेव्हापासून प्रवासाच्या दिवशी मी पाणी पीत नाही. पहाटे स्वारगेटला एसटीत बसले तेव्हा घसा कोरडा होता, कराडला वन्संबरोबर एकदा उतरून आले, आणि दुपारी एकला रत्नागिरीला पोहोचेपर्यंत माझं सगळं व्यवस्थित होतं. पण मे महिना. घाम असा, की आत काही नसताना बाहेर येत होता. वन्संनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"शोभा, चक्कर येऊन पडशील. व्याह्यांच्या दारात तुला उचलून न्यायची का आम्ही?"

त्यांनी मला एक बाटली पाणी प्यायला लावलं. अख्खी बाटली. इथून पुढचं सगळं त्या बाटलीमुळे झालं.

व्याह्यांना आम्ही चारची वेळ दिली होती. मी म्हटलं, आताच जाऊ या का? हे म्हणाले, "चार म्हंजे चार." वन्सं म्हणाल्या, "दुपारी एक ते चार कुणाची बेल वाजवायची नसते. जेवायला आलो असं वाटेल त्यांना." आम्ही पुण्याचे. झोपलेल्या माणसाची बेल वाजवण्यापेक्षा आम्ही उन्हात तीन तास उभे राहू. राहिलो.

आता खरं सांगते, स्टँडवर होतं. समोरच होतं. पाटीही मोठी होती, "महिला", मी एका दमात वाचली. पण हे बरोबर त्या पाटीखाली पिशव्या ठेवून कंडक्टरशी बोलत उभे होते. तिथे जायचं म्हणजे यांना ओलांडून जायचं. मग हे विचारणार, "कुठं?" आणि स्टँडवर गुहागरपासून कोल्हापूरपर्यंतची माणसं बसलेली! मी पदर सारखा केला आणि म्हटलं, पुढे कुठेतरी मिळेलच.

पुढे खानावळ मिळाली. मी विचार केला, इथे नक्की असणार. पण जेवण आम्ही डब्यात नेलं होतं, आणि काही न घेता नुसतंच कसं विचारायचं? म्हणून मी कोकम सरबत मागवलं. माझं पिऊन झालं तरी विचारायचा धीर होईना. मग मी आणखी एक मागवलं.

वन्सं कौतुकाने म्हणाल्या, "आवडलं वाटतं."

दुसरं संपल्यावर मी उठले आणि हात धुवायच्या बेसिनशेजारी एक दार होतं ते ढकलून आत गेले. आत एक घामाघूम मनुष्य मोठ्या पातेल्यात डाव घालून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, भात व्हायचाय अजून."

"बरं," मी म्हटलं आणि बाहेर आले.

माझ्या जागी दुसरी कोणी असती, तर त्याला विचारलं असतं. मी त्याच्या भाताला "बरं" म्हणून आले.

शेवटी रस्त्यात मी वन्संचा हात धरला आणि खाली बघून सांगितलं.

"अगं, मग दोन सरबतं कशाला प्यायलीस?"

"विचारता यावं म्हणून."

वन्संनी कपाळाला हात लावला. पण बाई कामाची. यांना त्यांनी एका झाडाखाली पिशव्यांजवळ बसवलं. "आम्ही जरा साड्या बघून येतो," म्हणाल्या. साड्या म्हटल्यावर पुरुष मागे येत नाहीत. दुकानात वन्संनी दोन साड्या उलगडायला लावल्या आणि मला डोळ्यांनी मागचं दार दाखवलं. मी धावतच गेले. दार उघडलं, आत शिरले, कडी लावली. आत काहीही नव्हतं. समोर भिंतभर आरसा होता आणि आरशात मी होते. कपडे घालून बघायची खोली! रिकाम्या हाताने लगेच बाहेर पडले तर दुकानदार काय म्हणेल, म्हणून मी थोडा वेळ आतच उभी राहिले. स्वतःला इतका वेळ मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी मात्र बाजाराच्या मागच्या गल्लीत खरंखुरं मिळालं. सार्वजनिक, स्वच्छ, रंग दिलेलं. एका बाजूला "पुरुष", एका बाजूला "स्त्रिया". माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (तेवढंच कमी झालं.) मी "स्त्रिया" लिहिलेल्या दारातून आत पाऊल टाकलं, तर समोर गवत आणि गवतावर आंब्याच्या पेट्या. जमिनीपासून छतापर्यंत. बाजूला स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ पेपरने वारा घेत बसले होते.

"या. हापूस की पायरी?"

"अहो, हे बायकांचं आहे ना?" वन्सं म्हणाल्या.

"आहे. जूनपासून. आता सीझन आहे."

वन्सं त्यांना काहीतरी बोलणार, तोच मागून आवाज आला आणि एक पेटी किंचित हलली.

"कुणी बांधली ही पेटी? वर निवडक आन् खाली बारकं, व्हय?"

हे! पिशव्या घेऊन आम्हाला शोधत आले होते. मार्केट यार्डातल्या माणसाला भरलेली पेटी दिसली, की तो बायकोला ओळखत नाही. यांनी बाह्या वर केल्या, तीन पेट्या खाली उतरवल्या, फळं हुंगली, दाबली, बाजूला लावली. म्हातारेबुवाही पेटले. अर्धा तास दोघांची जुंपली होती. मध्येच यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अगं, तू हितं कशी?"

"आंबे बघायला," मी म्हटलं.

हे इतके खूश झाले! इतक्या वर्षांत मी कधी फळाला लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. यांनी ताबडतोब एक पेटी घेतली. "व्याह्यांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं?" आणि मी दोन्ही पाय जुळवून उभी होते त्याचा यांनी काय अर्थ लावला कोण जाणे, पण यांच्या चेहऱ्यावर माया आली.

"आक्का, हिचं तोंड बघा कसं उतारलंय. ऊन बाधलं हिला."

आणि यांनी मला शहाळं पाजलं. एक. मग दुसरं. हातात धरून, "सगळं पी, सगळं पी" करत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण इतकं प्रेम त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही. नाही कसं म्हणू?

रिक्षा सापडली. त्या रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. खड्डा आला की मी देवाचं नाव घेत होते, एवढंच. रस्ता संपेपर्यंत बरेच देव झाले.

चारला बरोबर आम्ही व्याह्यांच्या दारात. समीरची आई बाहेर आली. बारीक चणीची, हळू बोलणारी बाई.

"या. चार म्हणालात, पण म्हटलं, जेवायलाच याल. आम्ही साडेबारापासून वाट बघतोय. पानं मांडून ठेवली होती."

म्हणजे ते दार साडेबारापासून उघडं होतं. आत माणसं होती, आणि माणसं असतात तिथे बाकीचं सगळं असतंच. मी वन्संकडे पाहिलं. वन्संनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

यांनी आंब्याची पेटी पुढे केली. समीरचे वडील पेटीकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगणामागे बोट दाखवलं.

"मागे आमची चाळीस कलमं आहेत हापूसची," ते म्हणाले. "पण असू दे. पुण्याहून आणलेत ना?"

"हितंच घेतले," हे म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.

मनीषाने बजावलं होतं म्हणून हे इतकं हळू बोलत होते, की कोणालाच काही ऐकू जात नव्हतं. समीरचे वडील दर वाक्याला पुढे झुकत होते. आणि मला पाणी आलं. मग पन्हं. मग चहा. मुलाच्या घरचं पहिलं सरबत परत करायचं नसतं, म्हणून मी घेतलं. चहा नको म्हटलं, तर समीरची आई म्हणाली, "आवडला नाही का?" म्हणून तोही घेतला. त्यात अंगणात कोणीतरी नळी लावून झाडांना पाणी घालत होतं. बारीक धार. अखंड. मी पायाच्या अंगठ्याने फरशी दाबून धरली. आता दोनच गोष्टी होणार होत्या: एक तर मी यांना सांगणार आणि यांचा आवाज त्या शांत घरात फुटणार, किंवा मी सांगणार नाही आणि त्याहून वाईट होणार. दोन्हींत मनीषाचं लग्न पणाला लागलं होतं.

तेवढ्यात समीरची आई उठली. "चला, घर दाखवते. त्यासाठीच आलात ना?"

मी इतक्या जोरात उभी राहिले की खुर्ची मागे सरकली.

तिने घर दाखवलं. नीट दाखवलं. देवघर, देवांची चांदीची भांडी एकेक करून. स्वयंपाकघर, आणि त्यात डब्यांची झाकणं उघडून. माळा. विहीर! विहिरीत वाकून बघायला लावलं, आणि वर "बारा महिने पाणी असतं" असंही सांगितलं. मी "हो", "छान", "वा" म्हणत होते आणि प्रत्येक बंद दाराकडे बघत होते. शेवटी मागच्या पडवीत आलो.

"आणि हे नवीन करून घेतलं. म्हटलं, पुण्याच्या सुनेची गैरसोय नको."

तिने दार उघडलं. पांढऱ्याशुभ्र फरश्या. कमोड. चकाकता नळ.

मी आत गेले आणि कडी लावली.

बाहेर समीरची आई अजून "गैरसोय" या शब्दावर होती.  मग वन्संचा आवाज आला, "ती नीट बघते हो सगळं. तिला सवयच आहे."

"हो का," समीरची आई म्हणाली. आणि सभ्य बाई ती, दाराशी उभी राहून पुढचं सांगू लागली. "फरश्या पुण्याहूनच मागवल्या. घसरत नाहीत."

"नाही घसरत," मी आतून म्हटलं.

आणि नेमका तेव्हाच पुढच्या खोलीतून लिलाव फुटला. हळू बोलून बोलून यांचा दम संपला होता.

"अगं ए! कुठं हायस? पावणे इचारतायत, पसंत हाय का?"

कलमांवरचे कावळे उडाल्याचं मी आतून ऐकलं. आणि त्या क्षणी माझ्या जिवाला जो आराम पडला होता, जो एक वाजल्यापासून पडला नव्हता, तो सगळा माझ्या आवाजात आला. आयुष्यात पहिल्यांदा मी यांच्यापेक्षा मोठ्याने बोलले.

"पसंत आहे! एकदम पसंत आहे! फार बरं वाटलं!"

घराच्या पुढच्या बाजूला समीरच्या वडिलांनी टाळी वाजवली म्हणे. मी बाहेर आले तेव्हा समीरची आई हातात साखरेची वाटी घेऊन उभी होती. घाबरली वगैरे नव्हती. तिने मला नळ दाखवला, मी हात धुतले, मग तिने माझ्या तोंडात साखर घातली. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "इतक्या मनापासून कोणी होकार देत नाही हो."

लग्न होऊन आता वर्ष होत आलं. मनीषा सुखात आहे. नात्यातल्या बायका अजून विचारतात, शोभा, तू एवढी बुजरी, लेकीसाठी एवढं मोठं घर एकटीने पारखून कसा काय होकार दिलास? मी खाली बघून हसते. त्या घरात आठ खोल्या आहेत म्हणतात. मी नीट बघितली ती एकच.