डीपीच्या मागे

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे वाल सोलले. भिजवून मोड आणलेले वाल परातीत घेऊन ओट्यावर बसलो होतो. दाणा बोटात धरायचा, दाबायचा, साल बाजूला. तिचा हात भराभर चालायचा. माझी बोटं लूमवर जाड झालेली, दाणा निसटून खाली पळायचा.

"तुमचा एक होतोय तवर माझे धा," ती म्हणाली. "उठा, ऱ्हाऊ द्या. बिरडं उद्या खायचंय, शिमग्याला न्हाय."

मी उठलो नाही. मला तिला विचारायचं होतं. फिरवून विचारलं.

"काल भजनात काय झालं?"

"रोजचंच."

"रोजचं म्हंजे कोणतं?"

तिने दाणा हातात धरून माझ्याकडे बघितलं. "तुमाला जे इचारायचंय ते एकदाचं इचारा."

मी म्हटलं, "काय न्हाय." आणि वाल सोलत राहिलो. अजून थोडं थांबू, पुरतं पकडू, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीत पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सोललेले वाल शेजारणीने नेले. मयताच्या घरात चूल पेटत नाही.

आता मला काय पकडायचं होतं, ते सांगतो.

माझा जन्म पॉवरलूमवर कापड विणण्यात गेला. भिवंडीत लूमवर काम केलेल्या माणसाचे कान त्या खडखडाटाने लवकर जातात. कान गेले की चारचौघं समोर साधं बोलत असली तरी कुजबुजल्यासारखी दिसतात. ओठ हलतात, शब्द पोचत नाहीत. त्यातून माणूस संशयी होतो. मी आधीच होतो, कान गेल्यावर जास्त झालो. सून फोनवर बोलली तरी वाटायचं, माझंच चाललंय.

पण बायकोवर कधी संशय घेतला नव्हता. ती संध्याकाळी भाकऱ्या करून, माझं ताट झाकून भजनाला जायची. पाऊस सुरू झाला तेव्हापासून रोज जायला लागली. मी म्हटलं, वय झालं, देव आठवला. मग दिवाळीच्या आसपास बाजारात भजनी मंडळातली एक बाई भेटली. माझा कान ठाऊक असल्यामुळे ओरडूनच बोलली, "तुमची मंडळी हल्ली भजनाला दिसत न्हाईत. बरं न्हाय का त्यांना?"

भाजीवाल्यासकट सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "गुडघे दुखतात तिचे." आणि कोथिंबीर तिथेच विसरून घरी आलो.

ती घरात होती. तांदूळ निवडत होती. काही बोललो नाही. नवऱ्याने लगेच विचारलं की बाई सावध होते, हे मला ठाऊक. मग मी डोकं लढवायला लागलो. पहिल्यांदा वाटलं, भिशी. मग वाटलं, कुणीतरी बाबा-बुवा गाठला असेल. मग तिचा भाऊ डोळ्यापुढे आला. तिचं माहेर अकलोलीला, गरम पाण्याच्या कुंडांच्या बाजूला. तिकडे जमिनीला भाव आलाय. बहिणीला गोड बोलून सही घ्यायला भाऊ भिवंडीत येत असेल. ती घरी नसताना तिची पेटी उघडून बघितली. लुगडी, डांबराच्या गोळ्या आणि आमच्या पोराचं लहानपणीचं टोपडं. त्याने संशय कमी झाला नाही. वाटलं, जे आहे ते दुसरीकडे ठेवलंय.

एका संध्याकाळी मी तिच्या मागे गेलो. अंतर ठेवून. ती देवळावरून सरळ पुढे गेली, वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि शाळेच्या फाटकात शिरली. शाळा तर पाचला सुटते. समोर पानटपरी आहे, तिच्या बाजूला विजेची डीपी, माणसाएवढी लोखंडी पेटी. मी त्या डीपीच्या मागे उभा राहिलो. फाटकातून एक रिक्षावाला आत गेला, तीन-चार पोरं गेली, एक बुरखेवाली लेकराला घेऊन गेली. एवढी तऱ्हेतऱ्हेची माणसं एका जागी कशाला जमतात? टपरीवाला मला विचारतोय, "चाचा, पान लगाऊं?" मी म्हटलं, "चूप बैठ."

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. त्या बुरखेवालीबरोबर. हसत. डोक्यावरचा पदर सावरत, थांबून थांबून हसत होती. माझ्याबरोबर एवढी कधी हसली होती ते आठवायला लागलो, आठवेना.

मी आडवाटेने आधी घरी पोचलो. ती आली, हातपाय धुतले, आणि तेलाची वाटी गरम करून माझ्या पायाशी बसली. गुडघ्यांना तेल चोळायला लागली.

"आज काय इशेष?"

"काय न्हाय. गुडघे दुखत असतील तुमचे."

"कशानं?"

"वयानं."

मी मनात म्हटलं, पाप केलेलं माणूस असंच तेल लावतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बाई नवऱ्याशी खोटं बोलते, त्याचा एकच अर्थ. तिला माझा कंटाळा आलाय. ती कुठेतरी जायच्या तयारीत आहे. भावाकडे म्हणा, नाहीतर देवाच्या नावाने कुठल्या मठात. हे खरं का खोटं, एवढंच मला समजून घ्यायचं होतं. आणि विचारायचं सोडून मी वाल सोलत बसलो.

ती गेली संक्रांत उलटल्यावर. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. तिचा भाऊ येऊन रडून गेला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो, खरं रडतोय का बघत होतो. खरंच रडत होता. त्याला विचारलं, "ती तुला भेटायची का इकडं?" तो म्हणाला, "दाजी, भाऊबीजेला भेटली ती शेवटची." म्हणजे भाऊ नाही. मग कोण?

आणि एके दिवशी ती बुरखेवाली दारात उभी. मागे तो रिक्षावाला. मी ओळखलं, पण दाखवलं नाही.

"चाचा, मौसी हमारे क्लास में थी," ती म्हणाली.

"कसला क्लास?"

रिक्षावाला माझ्या कानाजवळ आला. "काका, बाहेरून धावीला बसणाऱ्यांचा वर्ग हाय. संध्याकाळचा. मावशी आमच्या वर्गात व्हत्या. मार्चमधी परीक्षा हाय. या शुक्रवारी निरोप समारंभ हाय, तुम्ही या."

मी म्हटलं, "ती तर निरोप घेऊन गेली. मी कशाला येऊ?"

रिक्षावाल्याने खिशात हात घातला, मला वाटलं पावतीबुक.

"वर्गणी किती?"

"वर्गणी न्हाय काका."

"मग काय पायजे तुमाला माझ्याकडून?"

"कुछ नहीं चाहिये चाचा," बुरखेवाली म्हणाली. तिचं लेकरू माझ्या ओट्यावर बसून माझी चप्पल चावत होतं. "समोसा खाने को आओ."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण दहावीवर माझा विश्वास बसेना. अकलोलीच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेली बाई, साठीला टेकलेली, दहावीला बसते? आणि वह्या-पुस्तकं कुठे? घरात एक कागद नाही. ही माणसं मला कशात तरी अडकवतायत, असंच वाटत होतं. तरी गेलो. शुक्रवारी लूम बंद असतात, रस्त्याला आवाज नसतो. त्या शांततेत चालायला मला अजूनही चुकल्यासारखं होतं.

कार्यक्रम शाळेच्या खालच्या खोलीत होता. चार फुगे, टेबलावर फुलं. मी मागच्या बाकावर दाराजवळ बसलो, रिक्षावाला शेजारी बसून कोण काय बोलतंय ते माझ्या कानात सांगत होता. त्यांचा सर म्हणजे माझ्या पोराहून लहान पोरगा, शर्ट खोचलेला, बोलताना घाम पुसत होता. रिक्षावाल्याने सांगितलं, हाच तिला फोनवर "मावशी, आज याल ना" म्हणायचा. तिच्या फोनमधून पुरुषाचा आवाज येतो एवढं मला दोनदा कळलं होतं, शब्द कळले नव्हते, आणि त्यावरून काय काय रचलं होतं ते इथे लिहीत नाही.

सर म्हणाला, आपल्या मावशी आज नाहीत, दोन मिनिटं शांत उभं राहूया. सगळे उभे राहिले. बुरखेवालीचं लेकरू मोठ्यांदा म्हणालं, "अम्मी, समोसा." ते मलासुद्धा ऐकू आलं. रिक्षावाला हसू दाबत खाली बघायला लागला. पुढे त्या दोन मिनिटांचं काही खरं राहिलं नाही.

मग एकेकाला उठवून विचारलं, पास झाल्यावर पुढे काय. एक पोरगा गोदामात माल चढवतो. तो म्हणाला, धावी झाली तर आतल्या हिशेबाच्या कामावर घेतील, पाठीवरचं ओझं सुटेल. बुरखेवालीला अंगणवाडीत लागायचंय. रिक्षावाला म्हणाला, "मी रिक्षाच चालवणार. पण पोरगी म्हणते, पप्पा, तू किती शिकलायस? तिला सांगायला एक आकडा पायजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. माझं लक्ष दुसरीकडे होतं. माझ्या डोक्यात एकच, तिला विचारलं असेल तेव्हा ती काय म्हणाली?

समोसे आले तेव्हा मी सराला गाठलं. सर म्हणाला, "बीजगणितात रडायच्या मावशी. पण वर्ग सोडला नाही. पुस्तकं इथेच कपाटात ठेवायच्या."

"पुढं काय करणार म्हणाली व्हती?"

त्याने रिक्षावाल्याकडे बघितलं. रिक्षावाला माझ्या कानाशी वाकला. "म्हणाल्या, पुढं काय, घरी जाऊन भाकऱ्या. आम्ही हसलो. मग म्हणाल्या, निकाल लागला का ह्यांच्या ताटाशेजारी ठेवीन, नि म्हणीन, बोला आता."

"ह्यांच्या म्हंजे?"

"तुमच्याच की काका. दुसरं कोण?"

"मग माझ्यापासनं लपवलं कशाला?"

बुरखेवाली म्हणाली, "मौसी बोलती थी, दो कमरे का घर, उसमें क्या छुपाना. बूढ़ा डब्बे-डब्बे में हाथ डालता है. एक चीज़ तो मेरी रहने दो."

मला ते लागलं. लागलं म्हणजे खरंच लागलं. मी समोसा ठेवून दिला.

"आणि काका, तुम्ही आला व्हता ना एकदा?" रिक्षावाला म्हणाला. "मावशींनी वरच्या खिडकीतनं बघितलं. सगळ्यांना बोलावलं खिडकीत. म्हणाल्या, तो बघा आमचा म्हातारा, डीपीच्या मागं लपलाय. पोट बाहेर हाय."

सगळे हसले. सरसुद्धा.

"सर को बोली, जल्दी छोड़ो आज," बुरखेवाली म्हणाली, "खड़े खड़े घुटने पकड़ेंगे उनके."

मी घरी आलो. सुनेने वाढलं, जेवलो. आणि झोपायच्या आधीच पुन्हा ते सुरू झालं. मेलेल्या माणसाबद्दल लोक गोड बोलतात. बायको गेलेला म्हातारा समोर बसलाय म्हटल्यावर कोण कडू बोलेल? मी डीपीच्या मागे होतो ते टपरीवाल्याला ठाऊक, त्याने सांगितलं असेल. बाकीचं त्यांनी मला बरं वाटावं म्हणून जुळवलं असेल. खिडकीतून डीपीची मागची बाजू दिसते का? फाटकातून तर दिसत नाही. ते मी तेव्हाच बघून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. पोरांची प्रार्थना चालली होती. शिपायाने अडवलं.

"पालक आहात का?"

"न्हाय."

"मग काय काम?"

"वरची खिडकी बघायचीय. संध्याकाळचा वर्ग भरतो तिथली."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चोर आहे का वेडा, ते ठरवत होता. शेवटी म्हणाला, "चला, मी येतो सोबत." मी एकेक पायरी चढत होतो, तो पाठोपाठ. खोलीत बाक होते, फळ्यावर कुणाचं तरी गणित अर्धं पुसलेलं. मी खिडकीचे गज धरून खाली बघितलं.

टपरी अजून उघडली नव्हती. डीपी दिसत होती. तिच्या मागची जागाही दिसत होती, अगदी पुरती. तिथे कुणीतरी हातगाडी लावली होती आणि तिचं पुढचं टोक बाहेर आलं होतं.

"झालं का काका?" शिपाई म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं.